करून बघायला काय जातंय?

आजारी माणसाच्या घरी आपल्याकडे तीन गोष्टी हमखास येतात. शहाळी, पाहुणे आणि उपाय. शहाळी संपतात, पाहुणे जातात, उपाय मात्र घरातच मुक्काम ठोकतो. कधी पुडीतून येतो, कधी बरणीतून, कधी नुसताच तोंडी. आणि देणारी बाई उंबऱ्यात चपला घालता घालता सांगते, "करून बघायला काय जातंय वैनी? गुण आला तर आला. झाडपाल्याचं आहे, अपाय तर काही नाही."

हे वाक्य मी कित्येक वर्षं ऐकते आहे. बस्तीच्या ओट्यावर, हळदीकुंकवात, लग्नाच्या पंगतीत, अगदी दवाखान्याच्या बाकावरसुद्धा. ते मायेनं बोललं जातं म्हणून कोणी त्याला अडवत नाही. आज मी अडवणार आहे. करून बघायला बरंच काही जातं, आणि ते कुणाचं जातं याचा हिशेब आपण बायकांनीच मांडायला पाहिजे, कारण त्यातलं निम्मं आपल्याच पदरचं असतं.

आधी एक गोष्ट साफ सांगते, नाहीतर निम्म्या मैत्रिणी इथंच पुस्तक मिटतील. सर्दीला सुंठीचा काढा, पोटदुखीला ओवा, घसा धरला की हळदीचं दूध, याच्याशी माझं भांडण नाही. ती दुखणी चार दिवसांची. काढा घेतला तरी जातात, नाही घेतला तरी जातात, आणि काढ्यानं जिवाला बरं वाटतं. रीतसर शिकलेल्या, नाडीबरोबर रक्ताचे रिपोर्टही बघणाऱ्या वैद्यांशीही माझं भांडण नाही. मी बोलते आहे ते जन्माच्या सोबतीला आलेल्या दुखण्यांविषयी. मधुमेह, रक्तदाब, संधिवात, दमा. ही दुखणी घरातल्या एकाला होतात आणि भोगतात दोघं.

ओळखीतलं एक जोडपं आहे. नाव सांगत नाही, गावही नाही. अण्णा आणि अक्का म्हणूया. आपल्याच बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यातली, शेती आणि छोटं दुकान असलेली सुखवस्तू माणसं. अण्णांना साखरेचा त्रास अकरा वर्षांचा. सकाळ-संध्याकाळ एक गोळी, रक्तदाबाची एक, तीन महिन्यांनी रक्त तपासणी. सगळं बेताचं चाललं होतं. एका लग्नात कुणीतरी त्यांना विचारलं, "आयुष्यभर गोळ्याच गिळणार काय ओ अण्णा? त्या गोळ्यांनीच किडनी जाते." बस्स. अण्णांच्या मनात किडा शिरला.

मग सुरू झाली दोघांची वणवण. हो, दोघांची. अक्का काही मागे राहिली नाही. उलट तीच पुढे. मेथी रात्री भिजत घालायची, कारलं सकाळी पिळायचं, जांभळाच्या बिया वाळवून कुटायच्या, बिबळ्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर पाणी ठेवायचं. तेवढ्यानं भागेना तेव्हा हायवेच्या कडेला तंबू ठोकून बसलेल्या एका माणसाकडून चूर्ण आलं. त्यानं सांगितलं, गोळ्या बंद करा, नाहीतर माझं औषध लागू पडणार नाही. अण्णांनी गोळ्या बंद केल्या. रक्तदाबाचीसुद्धा, कारण एकदा बंद करायच्या तर सगळ्याच.

दीड वर्ष. या दीड वर्षात अण्णा म्हणायचे, "एकदम हलकं वाटायलंय बघा." आणि वाटतही असेल. मधुमेहाची गंमत हीच आहे. साखर दोनशे-अडीचशेवर गेली तरी पुष्कळांना काही कळत नाही. मूत्रपिंड दुखत नाही, ओरडत नाही, निम्म्याहून जास्त कामातून जाईपर्यंत मुकाट्यानं काम करत राहतं. अगदी आपल्या घरातल्या बायकांसारखं. अण्णांचे पाय सुजले तेव्हा तपासणी झाली. आता आठवड्यातून दोन वेळा डायलिसिस. डॉक्टरांनी विचारलं, चूर्णात काय होतं? कुणालाच माहीत नव्हतं. पुडीवर नाव नव्हतं, तंबू केव्हाच उठला होता.

चूर्णानंच किडनी गेली, असं मी म्हणणार नाही. ते आता कुणालाच सिद्ध करता येणार नाही. औषधाविना मोकाट सुटलेली साखर आणि रक्तदाब एवढं कारण पुरेसं आहे. किडनी गोळ्यांनी जाते म्हणून गोळ्या सोडल्या, आणि ज्या आजारानं किडनी जाते त्याला दार उघडं ठेवलं. १९९८ मध्ये ब्रिटनमधल्या हजारो रुग्णांच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात साखर नीट आटोक्यात ठेवणाऱ्यांमध्ये डोळे आणि मूत्रपिंड यांच्या बारीक रक्तवाहिन्यांचे विकार सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळले. म्हणजे गोळी किडनी खात नाही, ती बहुतेकांची किडनी राखते. मूत्रपिंड आधीच कमजोर असेल तर काही गोळ्या बदलाव्या लागतात, डोस कमी करावा लागतो. ते डॉक्टर तपासणी बघून ठरवतात. लग्नाच्या पंगतीत ते ठरत नसतं.

तर, काय जातंय? पहिलं जातं ते वेळ. जुनाट आजारात वेळ हेच औषध असतं. संधिवाताचंच बघा. आमवातासारखा, म्हणजे डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड म्हणतात तो संधिवात बायकांना पुरुषांपेक्षा दुपटी-तिपटीनं जास्त होतो, आणि सांध्यांची मोडतोड पहिल्या दोन-तीन वर्षांतच सुरू होते. नेमकी हीच वर्षं आपण तेल, लेप, शेक आणि काढे यांत घालवतो. बोटं वाकडी झाली की मग मोठ्या डॉक्टरकडे. त्यांनी काय करावं? वाकलेलं बोट सरळ करायची गोळी अजून निघालेली नाही.

इथं मला जोडप्यांबद्दल एक कडू बोलायचं आहे. नवऱ्याच्या गुडघ्याला बेळगाव आणि बायकोच्या गुडघ्याला निर्गुडी, असा आपल्या घरांचा न्याय आहे. नवरा आजारी पडला की उपाय गोळ्यांच्या जोडीला येतो किंवा गोळ्यांना कंटाळून येतो. बायको आजारी पडली की उपाय डॉक्टरच्या ऐवजी येतो. "बघू चार दिवस पाला बांधून," असं म्हणत तिची चार वर्षं जातात. झाडपाल्यावरचा हा विश्वास किती खरा आणि किती सोयीचा, हे ज्या घरात घडतं त्या घरानं आपल्या मनाला विचारावं.

दुसरं जातं ते बाईचं शरीर. 'नैसर्गिक' उपाय स्वस्त असतो म्हणतात. असेल, कारण मजुरी कुणी धरतच नाही. अक्का साडेचारला उठायची. निवडणं, कुटणं, वस्त्रगाळ करणं, आटवणं, आठाचा एक पेला होईपर्यंत चुलीपाशी उभं राहणं. त्यात आपलं सोवळं, आपलं गाळलेलं पाणी, सूर्यास्ताच्या आत सगळं आवरायची घाई. त्या दीड वर्षात अक्काचं स्वतःचं रक्तदाबाचं औषध दोनदा आणायचं राहिलं. तिला कुणी विचारलं नाही, तिनं कुणाला सांगितलं नाही. हे सगळं आपण सेवा म्हणून खपवतो. वैयावृत्त्य हा आपल्या धर्मातला मोठा शब्द आहे. आजारी माणसाला ज्याची गरज आहे ते देणं म्हणजे वैयावृत्त्य. उपाय जितका कष्टाचा तितकी बायको पतिव्रता, हा हिशेब त्यात कुठून आला?

तिसरं जातं ते खरेपण. अण्णा डॉक्टरांना चूर्णाचं सांगत नव्हते, कारण ते रागावतील. अक्का अण्णांना वाढलेल्या साखरेचा आकडा सांगत नव्हती, कारण त्यांचा जीव खाली पडेल. मुलं दोघांनाही काही विचारत नव्हती. एका घरात तीन खोट्या गोष्टी मायेनं नांदत होत्या. न सांगण्याचा धोका साधा नाही. कारल्याचा रस साखर थोडी उतरवतो. वर साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि त्यात उपवास आला, तर साखर एकदम खाली जाऊन माणूस चक्कर येऊन पडू शकतो. दशलक्षण पर्वात एकाशन करणाऱ्या किती मधुमेही श्राविका डॉक्टरांना आधी सांगतात? रात्री नऊच्या जेवणानंतरची म्हणून लिहिलेली गोळी, आम्ही सहालाच जेवतो, मग केव्हा घ्यायची, हे किती जणी विचारतात? विचारलं तर डॉक्टर वेळ बदलून देतात. काही औषधं दिवसातून एकदाच घ्यायचीही मिळतात. आपला नियम आणि औषध यांचं भांडण नाहीच. भांडण आपण न बोलण्यानं लावतो.

चौथं जातं ते बाईचं नाव. ही गोष्ट माझ्या सर्वांत जास्त जिव्हारी लागते. चूर्णवाल्याचं वचन कधी खोटं पडत नाही, कारण त्यानं पथ्याची एक लांबलचक यादी दिलेली असते. गुण आला तर चूर्णाचा. नाही आला तर पथ्य मोडलं. आणि पथ्य कुणाच्या हातात? स्वयंपाकघर जिच्या हातात तिच्या. अण्णांना डायलिसिस लागल्यावर बायकाच बायकांना म्हणाल्या, "अक्काचंच कुठंतरी चुकलं असणार." तंबूवाल्याला कुणी शिवी दिली नाही. लग्नातल्या त्या हितचिंतकाची आठवणही कुणाला राहिली नाही. दीड वर्ष साडेचारला उठलेली बाई तेवढी गुन्हेगार ठरली.

आणि पाचवं जातं ते आपलं जैनपण. मी हे जाणूनबुजून म्हणते. आपण पाणी गाळून पितो. बाजारच्या बिस्किटाच्या पुड्यावरचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचतो. कॅप्सूलचं वेष्टन जिलेटिनचं तर नाही ना, म्हणून औषधाच्या दुकानदाराला हैराण करतो, आणि ते बरोबरच करतो. मग बिननावाची पुडी तोंडात टाकताना आपली चौकशी कुठं जाते? पारंपरिक औषधांत मध हे तर रोजचं अनुपान. कस्तुरी, गोरोचन, मृगशृंग, प्रवाळ, शंख, मोती ही सगळी त्यातली नेहमीची द्रव्यं आहेत. झाडपाल्याचं म्हणून दिलेल्या पुडीत यातलं काय आहे, हे तुम्हाला कोण सांगणार? कंदमूळ आपण ताटात येऊ देत नाही, पण 'मुळापासून बरं करतो' म्हणणाऱ्याचं मूळ, खोड, साल सगळं डोळे मिटून खातो.

"खरं इन्सुलिन प्राण्यांचं असतंय नव्हं?" असं मला एका बाईंनी विचारलं होतं. एके काळी होतं. १९२२ पासून पुढची साठ वर्षं ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. १९८२ मध्ये सूक्ष्मजीवांकरवी बनवलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आलं आणि आज सर्रास वापरात आहे ते त्याच पद्धतीचं. सूक्ष्मजीवही जीव आहेत, हे मला कुणी शिकवायला नको. पण पंचेंद्रिय प्राण्याचा वध आणि हे, यांत आपल्या शास्त्रानं पायऱ्या केलेल्या आहेत. जिला हा प्रश्न पडतो तिनं तो डॉक्टरला जरूर विचारावा, आणि तोच प्रश्न तितक्याच करड्या आवाजात पुडीलाही विचारावा.

आपल्याकडे तर वैद्यकाची आपली स्वतःची परंपरा आहे. उग्रादित्याचार्यांचा 'कल्याणकारक' हा नवव्या शतकातला जैन वैद्यकग्रंथ १९४० मध्ये सोलापूरहून हिंदी भाषांतरासह छापून निघाला. औषधातसुद्धा मद्य, मांस आणि मध नको, असा त्यांचा आग्रह. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या सभेत त्यांनी मांसाहाराच्या विरोधात बाजू मांडली, असं त्याच ग्रंथात आलेलं आहे. म्हणजे आपल्या या पूर्वसूरींनी परंपरेनं चालत आलेलं औषध जसंच्या तसं गिळलं नाही. त्यात काय आहे ते पाहिलं, वाद घातला, नको ते गाळलं. वारसा सांगायचा तर हा सांगा.

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांतलं चौथं अंग आहे अमूढदृष्टी. स्वाध्यायात आपण ते पाठ म्हणतो. लोक करतात म्हणून करायचं, या वृत्तीला आपल्या आचार्यांनी लोकमूढता असं रोखठोक नाव देऊन ठेवलं आहे. ते शब्द त्यांनी नदीतल्या स्नानानं पुण्य मिळतं असं मानणाऱ्यांसाठी वापरले. आज बिननावाच्या चूर्णासाठी वापरायला कुणाची हरकत असावी असं मला वाटत नाही.

आता पलीकडची बाजू. दवाखान्यावर चिडलेल्या मैत्रिणी म्हणतील, "डॉक्टर तरी कुठं साधू आहेत?" नाहीत. तीन तास बाकावर बसवून तीन मिनिटं बघतात. रिपोर्ट इंग्रजीत, पाट्या कन्नडमध्ये, आणि आपण मराठीतून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळतं 'गोळ्या घ्या, कमी होईल'. आयुष्यभर घ्यायच्या म्हणजे काय, का घ्यायच्या, सोडल्या तर काय होईल, हे कुणी बसून सांगत नाही. सीमाभागातल्या माणसाशी त्याच्या भाषेत, पाठीवर हात ठेवून, अर्धा तास बोलतो तो तंबूवाला. अण्णा त्याच्याकडे गेले ते चूर्णासाठी कमी आणि त्या अर्ध्या तासासाठी जास्त. ही लाज डॉक्टरांची आहे आणि ती त्यांना स्पष्ट सांगितली पाहिजे. पण दवाखान्यात कुणी धड बोलत नाही म्हणून विहिरीत उडी मारायची नसते. दवाखान्यात मराठीतून, मोठ्यानं, दुसऱ्यांदा विचारायचं असतं.

दुसरा मुद्दा नेहमीचा. "आमच्या मावशींना गुण आला की." आला असेल. त्यात दोन गोष्टी लक्षात घ्या. संधिवात, दमा, त्वचेचे विकार हे भरती-ओहोटीसारखे असतात. दुखणं अगदी शिगेला गेलं की माणूस नवा उपाय शोधतो, आणि शिगेनंतर उतारच असतो. उताराचं श्रेय पुडीला जातं. दुसरी गोष्ट जास्त वाईट. तीन दिवसांत गुडघे मोकळे करणाऱ्या पुड्यांमध्ये स्टेरॉईड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. दुखणं जादूसारखं थांबतं. मग चेहरा सुजतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. आणि घाबरून एकदम बंद केलं तर जिवावर बेतू शकतं, कारण शरीर स्वतःचं स्टेरॉईड बनवायचं विसरलेलं असतं. म्हणजे जे औषध टाळायचं म्हणून पुडी घेतली तेच, डोस न मोजता, पोटात जात होतं.

शिसं, पारा यांचंही तसंच. अमेरिकेत बॉस्टनच्या आसपासच्या दुकानांत मिळणारी दक्षिण आशियात बनलेली ७० आयुर्वेदिक औषधं एका अभ्यासात तपासली होती. २००४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ७० पैकी १४ औषधांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक होतं. रसशास्त्रात धातू शोधून, मारून वापरतात, हे मलाही ठाऊक आहे. पण ते काम कुणी केलं, कसं केलं, किती मात्रेत दिलं, याचं उत्तर पुडी देत नाही. २०२० च्या साथीत मुंबईत गुळवेलीचा काढा नेमानं घेणाऱ्या ६ जणांच्या यकृताला इजा झाल्याचं तिथल्या डॉक्टरांनी नोंदवलं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की ती गुळवेल नसेल, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असेल. दोघांत कोण बरोबर, हा वाद बाजूला ठेवा. कुंपणावरची वेल कोणती हे तज्ज्ञांनाही भांडून ठरवावं लागतं, तर सासूबाईंच्या अंदाजावर किती भिस्त ठेवायची?

झाडपाल्यात गुण नाहीत, असं मी म्हटलेलं नाही. गुण आहेत म्हणूनच भीती आहे. ज्याला गुण असतो त्याला मात्रा असते, आणि ज्याला मात्रा असते त्याचा अतिरेक होतो. सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि जगभर त्याचा बोलबाला झाला. १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं. पुढे लक्षात आलं की जास्त मात्रेत त्यानं काहींचं मन खचतं, उदासी येते. ते कळलं, कारण कुणीतरी मोजत होतं, लिहून ठेवत होतं. आणि अण्णांनी फेकून दिलेली ती साखरेची गोळी, मेटफॉर्मिन? तिची वंशावळ युरोपातल्या गॅलेगा नावाच्या एका रानझाडापर्यंत जाते. तिथल्या द्रव्याचा अभ्यास करत करत, विषारी भाग टाळत टाळत, १९५७ मध्ये पॅरिसमध्ये ती मधुमेहासाठी माणसांना देण्यापर्यंत मजल गेली. झाडपाल्याच्या शोधात अण्णा झाडपाल्याचीच लेक घराबाहेर काढून बसले.

आपल्याच बेळगावात पारंपरिक वैद्यकावर संशोधन करणारी केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आहे. आपल्या अंगणातल्या वनस्पती प्रयोगशाळेत तपासून घ्यायच्या असतात, हे सांगायला दिल्लीचा माणूस यायला नको. आणि कायदाही आजचा नाही. मधुमेह, रक्तदाब, संधिवात, कर्करोग, बायकांचं वंध्यत्व असे कित्येक आजार बरे करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. तरीही बसस्टँडच्या भिंतीवर त्या जाहिराती आहेतच. त्या वाचून आपण फोन लावतो म्हणून आहेत. भारतात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढा मोठा बाजार कोण सोडेल?

मग करायचं काय? उपाय घरात येणारच. माया करणारी माणसं आहेत, ती देणारच. पुडी घेऊन येणाऱ्या बाईला चहा द्या, आणि पुडी उघडायच्या आधी नवरा-बायको दोघांनी मिळून हे विचारा. यात काय काय आहे? बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी वेष्टनावर आहे का? आयुर्वेदिक औषधालाही हे सगळं कायद्यानं लागतं. देणारा चालू गोळ्या बंद करायला सांगतो का? सांगत असेल तर बोलणं तिथंच संपवा. शंभर टक्के, मुळापासून, कायमचं, यांतला एक जरी शब्द त्यानं उच्चारला तरी संपवा. गुण आला की नाही हे कशानं मोजणार, आणि किती दिवसांनी? हलकं वाटणं हे मोजमाप नव्हे. साखरेसाठी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी आहे, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी आहे, रक्तदाबाला पट्टा आहे. आणि शेवटचा प्रश्न, हे आपण आपल्या डॉक्टरला सांगू शकतो का? जे सांगायला जीभ अडखळते ते खाऊ नये.

असंही एक जोडपं मला माहीत आहे. बाईंना संधिवात, वय पन्नाशीचं. घरात एक वही आहे. नवरा लिहितो, कारण तिची बोटं सकाळी वळत नाहीत. कोणती गोळी, कोणतं तेल, किती दुखलं, किती झोप लागली. पदवीधर वैद्यांचं तेल चालू आहे, ते त्या वहीत आहे, आणि वही दोन्हीकडे दाखवली जाते. तेलानं तिला बरं वाटतं. सांधे राखायचं काम आठवड्याची गोळी करते, हे तिला नीट माहीत आहे. सकाळचा चहा आता नवरा करतो. आजारानं त्या घरात एवढा एक उपकार केला.

आपण चार दानं सांगतो. आहार, औषध, अभय आणि शास्त्र. औषधदान त्यांतलं दुसरं, म्हणून पुडी देणाऱ्या बाईला आपण पुण्य केल्यासारखं वाटतं. पण जे काय आहे हे देणाऱ्यालाच माहीत नाही, ते दान कसलं? खरं औषधदान करायचं असेल तर पुष्कळ मार्ग आहेत. महिला मंडळानं वर्षातून एकदा शिबिर घ्यावं, साखर, रक्तदाब, डोळ्यांचा पडदा आणि पाय तपासून घ्यावेत. कन्नड आणि इंग्रजी वाचणारी एखादी सून-मुलगी म्हाताऱ्या जोडप्याबरोबर दवाखान्यात पाठवावी, ती प्रश्न विचारेल, उत्तर मराठीत लिहून आणेल. ज्यांना गोळ्या परवडत नाहीत त्यांचा महिन्याचा खर्च कुणी उचलावा. आणि पुढच्या वेळी पंगतीत कुणी "आयुष्यभर गोळ्याच गिळणार काय ओ?" असं विचारलं, तर ताटावरून मान वर करून सांगावं, "होय की. आयुष्यभर म्हणजे आयुष्य आहे तोवर. ते असावं म्हणूनच तर गिळायलोय."